एकोणतीसचा पाढा

दि. २ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

धपाटा अशासाठी की तीन मुलाखती देऊन तिन्ही ठिकाणांहून हात हलवत परत आलीस, हे मला तुझ्या बापाच्या पत्रातून कळतं. चौथीही गेली तर तुला घरी बोलावून मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसवणार, असंही त्याने लिहिलंय. आणि चौथीचं बोलावणं आलंय ते माझ्याच जुन्या शीतगृहातून! त्या मशीनघरात मी एकवीस वर्षं काढली, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं माणसं निवडायचं काम माझ्याकडे होतं. घरात विहीर असताना तू दारोदार पाणी मागत हिंडलीस. फोन करू नकोस. निवृत्तीनंतर माझ्या कानांनीही राजीनामा दिला, हे तुला माहीत आहेच. पत्रच लिही.

आता नीट वाच. माझी पद्धत अशी होती की उमेदवाराला केबिनमध्ये बसवायचंच नाही. तीन नंबरच्या कंप्रेसरपाशी उभं करायचं आणि त्या गोंगाटातच प्रश्न विचारायचा. बाकीचे साहेब लोक कानांवर जाड गाद्या चढवून मागे उभे राहायचे आणि मी मान हलवली की तेही हलवायचे. प्रश्न एकच: मशीन ठकठक करायला लागलं तर पहिलं काय कराल? उत्तर सोबतच्या वहीत सोळाव्या पानावर आहे. तेलाची पातळी बघेन, झडप किंचित आवळेन, वहीत नोंद करेन आणि मशीन चालू ठेवून लक्ष ठेवेन. पाठ कर.

पण उत्तरापेक्षा उत्तर देण्याची ढब महत्त्वाची. एक गृहस्थ मला आठवतात, मफलर गुंडाळून आले होते. प्रश्न विचारला तर पाइपला तळहात लावून, मान खाली घालून काहीतरी पुटपुटत राहिले. मी कागदावर लिहिलं: गोंधळलेला, नको. याच्या उलट, सध्या तिथे फोरमन आहे ना, उजव्या भुवईवर व्रण असलेला, तो. ताठ उभा राहिला, डोळ्यांत डोळे घालून, झडपेकडे हात करत धडाधड बोलला. त्याच्यासारखं उत्तर मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. मी लिहिलं: उत्तम, न अडखळता.

तेव्हा अडखळायचं नाही, आणि माहीत नाही हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. माझं नावही सांगू नकोस. माझी भाची वशिल्याने लागली असं कोणी म्हटलेलं मला खपणार नाही.

माया आहेच, ती अशीच टोचत राहील.
तुझी आत्या

दि. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पेढे मनातल्या मनात खा, मी लागले! सोमवारपासून रुजू. बाबांना कळवलंय, आता मामाचा गल्ला मामाच सांभाळेल.

सगळं तू लिहिलंस तसंच झालं. तू गेलीस पण तुझी पद्धत तिथेच राहिली आहे. तिला बाईंची पद्धत म्हणतात. दाराबाहेरच्या लाकडी बाकावर आम्ही पाच जण होतो. माझ्या शेजारी चष्मा लावलेले, मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ होते. होय, तेच असावेत! तिसऱ्यांदा आले होते. मला त्यांनी विचारलं की उत्तर पाठ आहे का. मी हो म्हटलं. त्यावर ते म्हणाले की पाठ असेल तर देऊ नका, मशीन बंद करायला सांगा आणि मग काय ऐकू येतं ते बघा. मी हसले. स्वतः दोनदा नापास झालेला माणूस मला युक्त्या शिकवतोय, असं वाटलं.

माझी पाळी आली. तीन नंबरच्या मशीनपाशी उभी राहिले. मोठे साहेब आणि आणखी दोघे, तिघांच्याही कानांवर गाद्या. मी सोळावं पान घडाघडा म्हटलं, हातवाऱ्यांसकट. माझं बोलणं संपायच्या आतच साहेबांनी अंगठा वर केला. आत्या, त्यांना माझा एक तरी शब्द ऐकू आला असेल का, हा प्रश्न मला पडला होता. पण निवड झाल्यावर असले प्रश्न कोण विचारतं?

एकच गोष्ट. तिथल्या टेबलावर पाण्याचा पेला होता. मधूनमधून त्यातलं पाणी दचकल्यासारखं हलायचं. बाकी कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

बाबा म्हणतात तुला साडी घ्यायची. मी म्हणते तुझी वही सोन्याने मढवायची. दोन्हीपैकी जे आवडेल ते कळव, आणि आशीर्वाद चालू ठेव.
तुझी ठकू

दि. १७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. धपाटा परत घेतला.

साडी नको, कपाटात जागा नाही. पेल्याचं मनावर घेऊ नकोस. मोठ्या मशीनच्या शेजारी पाणी हलायचंच. ते मफलरवाले अजून खेटे घालताहेत हे वाचून मात्र वाईट वाटलं. काही माणसांना आपण कशात कमी पडतो ते कळतच नाही.

आता नव्या जागी कोणी काही येतं का विचारलं की येतं म्हणायचं. मागाहून शिकून घेता येतं. पहिल्या महिन्यात एकदा का हिला येत नाही असा शिक्का बसला की तो जन्मभर पुसत नाही. लोकरीचे मोजे दोन जोड घाल.

जपून राहा, आणि लांबलचक लिही.
तुझी आत्या

दि. ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. सुरुवातीला लिहिण्यासारखं फार होतं, आणि नंतर काय लिहावं ते कळेना.

मशीनघर तुला माहीतच आहे. पण तुझ्या वेळी भिंती हिरव्या होत्या का? आता राखाडी आहेत. मागच्या भिंतीशी, छताखालून जो जाड पाइप जातो, त्याच्यावर हातभर बर्फ चढलेलं असतं. पाळीवर आम्ही चौघं: फोरमनकाका, दोन ऑपरेटर आणि मी. सगळे प्रेमळ आहेत. डबा वाटून खातात. पण मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कोणालाही काहीही विचारलं की उत्तर ताबडतोब येतं, आणि तिघांचंही एकच. तेलाची पातळी बघायची, झडप किंचित आवळायची. तुझं सोळावं पान, काना-मात्रेसकट. तुझ्या वहीच्या छायाप्रती बाहेरच्या टपरीवर मिळतात, हे तुला माहीत होतं?

तीन नंबर ठकठक करतं. आधी दिवसातून एकदा करायचं, आता तासातून दोनदा. काका चेष्टा करतात की ठकू, तुलाच हाक मारतंय. मी नोंदवही चाळली. रोज, प्रत्येक पाळीला, एकच वाक्य आहे: आवाज नेहमीसारखा. मी मागे मागे जात राहिले. अक्षरं बदलतात, वाक्य बदलत नाही. भिंतीवर वायुगळतीचा भोंगा आहे, त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावलीय. सारखा वाजायचा म्हणे.

आणि माझं पाप सांगते. दुसऱ्या आठवड्यात काकांनी विचारलं की पाइपमधला अमोनिया वायू फुटला तर तोंडावर लावायचा मुखवटा लावता येतो ना. मी तुझं ऐकून येतो म्हटलं. मला येत नाही, आत्या. ते कपाट आजवर उघडलेलं मी पाहिलेलं नाही. आता विचारायला गेले तर इतके दिवस खोटं बोलत होते हे उघड होईल. पुढच्या महिन्यापासून दुपारच्या पाळीत मला मशीनघरात एकटीला सोडणार आहेत.

चहाच्या वेळी तुझ्याबद्दल एक गंमत ऐकली. तुझी मी कोण ते इथे कोणाला ठाऊक नाही, म्हणून बिनधास्त सांगितली. पण ती पत्रात लिहीत नाही.

भीती वाटते असं लिहिलं तर रागावू नकोस. वेळ काढून उत्तर पाठव.
तुझी ठकू

दि. १४ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आता मी जे लिहिते ते वाचून मला काय म्हणायचं ते म्हण, पण आधी पुरतं वाच.

माझ्या कानांनी निवृत्तीनंतर राजीनामा दिला नाही. तो त्याच्या सहा वर्षं आधी दिला होता. मशीनघरात पंधरा वर्षं काढल्यावर एका सकाळी मला तीन नंबरचा आवाज येईना. मला वाटलं मशीन बंद आहे. हात लावला तर थरथरत होतं. मी कोणाला सांगितलं नाही. आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारी बाई म्हणून माझा लौकिक होता, तो गेला असता तर मला फायलींच्या खोलीत बसवलं असतं. त्या दिवशी नोंदवहीत आवाज कसा आहे ते लिहायचं होतं. मी लिहिलं: आवाज नेहमीसारखा. पुढे रोज तेच लिहिलं. ते वाक्य माझं आहे, ठकू. ते सगळे एका बहिऱ्या बाईची नोंद उतरवून काढताहेत.

आणि मी मुलाखती मशीनपाशी का घ्यायची? केबिनमध्ये घेतल्या असत्या तर मला ऐकू येत नाही हे साहेबांना पहिल्या दिवशी कळलं असतं. त्या गोंगाटात कोणालाच ऐकू यायचं नाही, म्हणून मी सुरक्षित. मी तोंडं बघून माणसं घेतली. जो थांबला, जो विचार करायला लागला, ज्याने मान खाली घातली, त्याला मी काढून टाकलं. मफलरवाले काय म्हणाले ते मला आजतागायत माहीत नाही. मी सहा वर्षं न कचरणारी तोंडं निवडली, आणि आता त्यांच्यात माझी भाची उभी आहे.

सोळावं पान फाडून टाक. ठकठक झाली तर मशीन थांबवायचं, लाल बटण दाबायचं, दुसरं काही नाही. ते पान मी साहेबांना खूश करायला लिहिलं होतं, माल वितळलेला त्यांना चालत नसे. उद्याच्या उद्या फोरमनला सांग की मुखवटा लावता येत नाही. माझं नाव सांगायचं असेल तर तेही सांग. लाज वाटेल. वाटू दे, लाजेने कोणी मेलेलं मी पाहिलेलं नाही.

ती गंमत काय होती? कळव. मला ऐकायचीच आहे.

माझ्यावर माया राहिली असेल तर हे ऐक.
तुझी आत्या

दि. २२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागावले, रडले, मग तू सांगितलंस ते केलं. सोमवारी सकाळी फोरमनकाकांपुढे उभी राहिले आणि म्हटलं की मला मुखवटा लावता येत नाही. ते नेहमीसारखं झटपट काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. मग हळूच म्हणाले की मलाही येत नाही. दोघा ऑपरेटरना बोलावलं. त्यांनाही नाही. आम्ही कपाट उघडलं. काकांनी पहिला मुखवटा उचलला तर पट्ट्याचं रबर त्यांच्या बोटांत भुगा झालं. दुसऱ्याचंही तेच.

मग मी सांगितलं की मी बाईंची भाची. काकांनी हात जोडून विनवलं की ती गोष्ट बाईंना सांगू नका. पण तू विचारलंस, म्हणून सांगते. तुला ऐकू येत नाही हे बाहेरच्या बाकावर प्रत्येकाला ठाऊक असायचं. जो आत जाऊन यायचा तो पुढच्याला सांगायचा की काय बोलता ते सोडा, थांबू नका. काकांना उत्तर येत नव्हतं. त्यांनी तुझ्या डोळ्यांत डोळे घालून एकोणतीसचा पाढा म्हटला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, झडपेकडे हात करत, अगदी दहापर्यंत. आणि तू उत्तम लिहिलंस. आजवर ते हा किस्सा हसत सांगायचे. सोमवारी सांगताना हसले नाहीत.

नव्या मुखवट्यांसाठी आणि मशीन थांबवण्यासाठी काकांनी साहेबांकडे चिठ्ठी पाठवली. साहेबांचं म्हणणं असं की गोदाम मालाने भरलंय, आत्ता मशीन थांबवता येणार नाही. मुखवटे मागवू, पाच एप्रिलनंतर बघू. मी नोंदवहीत लिहिलं: आवाज नेहमीसारखा नाही. दुसऱ्या दिवशी ते पान वहीत नव्हतं.

गंमत पुढेच आहे. मी तुझी भाची हे कळल्यावर साहेब खूश झाले. दोन एप्रिलला पुन्हा मुलाखती आहेत, तर बाईंच्या जागी भाचीने उभं राहावं म्हणे. मफलरवाले चौथ्यांदा येणार आहेत. मी काय करू?

लवकर लिही. तुझ्याशिवाय कोणाला विचारू?
तुझी ठकू

दि. २४ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

पाढ्याचं वाचून मी हसले. शेजारीण धावत आली इतकी हसले. मग कपाटातून जुना आरसा काढला आणि त्याच्यासमोर बसून एकोणतीसचा पाढा म्हटला. आता मला ओठ वाचता येतात, ठकू. दर मंगळवारी बहिऱ्यांच्या वर्गाला जाते, शिकवणाऱ्या बाई म्हणतात वर्गात माझ्या तोडीचं कोणी नाही. आरशात सत्त्याऐंशी लख्ख दिसलं. तेव्हा शिकले असते तर त्याला तिथल्या तिथे घरी पाठवला असता, आणि तो दुसरीकडे कुठेतरी सुखात असता.

जागा मिळतेय तर उभी राहा. पण एक अट घाल. बाईंच्या भाचीला उत्तरं ऐकायची आहेत, म्हणून मुलाखत होईपर्यंत तीन नंबर बंद ठेवायचं. साहेबांना चिठ्ठीने जे पटलं नाही ते माझ्या नावाने पटेल. मशीन थांबेल आणि मफलरवाल्यांना हात लावून बघता येईल. प्रश्न विचारलास की गप्प राहा. जो थांबेल त्याला थांबू दे. मी कधी दिला नाही तेवढा वेळ त्यांना दे. आणि दाराच्या बाजूला उभी राहा.

देवाला नमस्कार करायची माझी सवय मोडली होती, ती पुन्हा लागलीय.
तुझी आत्या

दि. ४ एप्रिल, दवाखान्यातून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे, हे आधी वाच. तुझ्या शेजारणीकडे फोनने निरोप ठेवलाय, पण अर्ध्या निरोपावर तू हलायची नाहीस, म्हणून हे पत्र मालाच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. तो तुझ्या दाराशी थांबेल.

परवा दहा वाजता साहेबांनी अट मान्य केली. हसत म्हणाले की बाईंच्या घराण्याची लहर. काकांनी तीन नंबर बंद केलं. मशीनघर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. एक नंबर आणि दोन नंबर पलीकडच्या खोलीत, त्यांचा आवाज बारीक येत होता. आणि आत्या, ठकठक चालूच होती. तीन नंबर बंद, आणि ठकठक चालू. ती मागच्या भिंतीच्या पाइपमधून येत होती. इतकी वर्षं सगळे जण मशीनचं तेल बघत होते.

मफलरवाल्यांची पाळी आली. मी प्रश्न विचारला. त्यांनी पाइपला तळहात लावला, मान खाली घातली. मी थांबले. साहेब घड्याळ बघत होते. बऱ्याच वेळाने मफलरवाले म्हणाले की हे किती वेळ टिकेल मला माहीत नाही, आधी सगळे बाहेर चला. हेच त्यांनी तुलाही सांगितलं होतं, मी नंतर विचारलं.

आम्ही बाहेर पडलो. दारातच साहेबांनी काकांना विचारलं की आत जाऊन जरा सांभाळता येईल का. मी काकांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या सोमवारी ते खरं बोलले होते, आत्या, एकदा बोलले होते. पण साहेबांपुढे तोंडातून जुनंच निघालं. येतं म्हणाले, न अडखळता, आणि आत गेले. सात मिनिटांनी पाइप फुटला. दारातून पांढरा लोट आला. मफलरवाल्यांनी नळाखाली मफलर भिजवला, तोंडाला गुंडाळला आणि आत जाऊन काकांना ओढत बाहेर आणलं.

काका जिवंत आहेत. घसा भाजलाय, आवाज गेलाय. दोन्ही हात पट्ट्यांनी बांधलेले, त्यामुळे लिहिता येत नाही. मी दिसले की त्यांचे ओठ हलायला लागतात. काकांच्या बायकोला वाटतं पाणी मागताहेत. डॉक्टर म्हणतात बोलू देऊ नका. पण ते पाणी नको म्हणून मान हलवतात आणि पुन्हा सुरू करतात. त्या सात मिनिटांत त्यांनी कोणत्या झडपा फिरवल्या, कोणत्या उघड्या ठेवल्या, हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नाही. मफलरवाले म्हणतात की ते कळल्याशिवाय बटणाला हात लावू नये. साहेब म्हणतात फुटलेला भाग तोडून टाकला, बाकी ठीक आहे. गुरुवारी सकाळी एक आणि दोन नंबर पूर्ण जोराने चालू करणार आहेत. पाळीवर दोघं ऑपरेटर असतील. त्यांना मी विचारलं की तुम्हाला हे येतं का. दोघेही येतं म्हणाले.

आज मंगळवार. तुझा वर्ग बुडेल, बुडू दे. याच गाडीत बसून निघ. एकदा त्यांना न ऐकता घेतलंस, आता येऊन समोर बस आणि त्यांचं उत्तर ऐक. मी तास तास ओठांकडे बघत बसते, एवढंच कळतं की पाढा नाही. सावकाश बघावं लागेल, आत्या. ते फार अडखळतात.

दारात उभी आहे.
तुझी ठकू